ओब्रादोविच एक नव्हे, दोन

युरोपीय बास्केटबॉलविषयी लिहिताना ‘सर्बियाचे ओब्रादोविच’ एवढेच लिहून मोकळे होण्याची वाईट खोड अनेकांना जडली आहे, आणि तिच्यापायी एकाची पदके दुसऱ्याच्या गळ्यात पडलेली मी इतक्यांदा वाचली आहेत की आता राहवत नाही. झेल्को ओब्रादोविच आणि साशा ओब्रादोविच ही दोन माणसे आहेत. दोघेही गार्डच्या जागेवर खेळले, दोघांनीही खेळाडू म्हणून कोराच चषक, म्हणजे युरोपीय क्लबांची तेव्हाची एक स्पर्धा, जिंकला आणि दोघेही पुढे प्रशिक्षक झाले, त्यामुळे गोंधळाला वाव आहे हे मान्य. पण निदान पहिले नाव लिहिण्याचा आळस करू नये.

झेल्को यांच्याविषयी फार सांगायला नको. १९६० साली चाचाक येथे जन्म, बोराच आणि मग बेलग्रेडचा पार्टिझान या क्लबांकडून खेळ, १९९१ च्या उन्हाळ्यात खेळणे थांबवून थेट पार्टिझानचेच प्रशिक्षकपद, आणि त्यानंतर पाच वेगवेगळ्या क्लबांसह युरोपीय विजेतेपद, म्हणजे आजची युरोलीग, तब्बल नऊ वेळा. त्यांतली पाच एकट्या ग्रीसच्या पानाथिनाइकोसची. टाइम-आउटमध्ये लालबुंद होऊन खेळाडूंना फैलावर घेणारी जी व्यक्ती आपल्या डोळ्यांसमोर येते, ती हीच. साशा बेलग्रेडचे, १९६९ सालचे, म्हणजे नऊ वर्षांनी धाकटे. ओरडण्यात तेही काही मागे नाहीत, त्यामुळे आवाजावरून ओळख पटवण्याच्या फंदात पडू नये.

खरी मेख आहे ती ‘युगोस्लाव्हियाला विश्वविजेतेपद मिळवून देणारे ओब्रादोविच’ या शब्दांत, कारण हे वर्णन दोघांनाही लागू पडते आणि तरीही दोघांच्या बाबतीत त्याचा अर्थ वेगळा आहे. नव्वदच्या दशकात ‘युगोस्लाव्हिया’ या नावाच्या संघाने ही स्पर्धा दोनदा जिंकली, १९९० आणि १९९८ मध्ये. पण नाव तेच असले तरी देश तोच नव्हता. १९९० मध्ये ब्यूनोस आयर्स येथे सोव्हिएत संघाला ९२–७५ असे हरवणाऱ्या चमूत झेल्को खेळाडू होते, दुशान इव्कोविच प्रशिक्षक होते, आणि बरोबर द्राझेन पेत्रोविच, टोनी कुकोच यांच्यासारखे क्रोएशियन होते. पुढच्याच वर्षी तो देश फुटला. सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो यांच्या उरलेल्या युगोस्लाव्हियावर १९९२ मध्ये निर्बंध आले आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांची दारे बंद झाली. ती उघडली १९९५ मध्ये, आणि त्याच वर्षी अथेन्समध्ये या संघाने युरोपीय सुवर्णपदक जिंकले. साशा त्या संघात खेळाडू होते, पण मुख्य प्रशिक्षक झेल्को नव्हते, इव्कोविच होते. त्यानंतर १९९६ चे अटलांटा ऑलिंपिकचे रौप्य, १९९७ चे बार्सिलोनातील युरोपीय सुवर्ण आणि १९९८ मध्ये पुन्हा अथेन्सला रशियावर ६४–६२ अशी निसटती मात करून मिळवलेले विश्वविजेतेपद, या तिन्ही वेळी मैदानात साशा ओब्रादोविच होते आणि बाजूच्या रेषेवर त्यांचे प्रशिक्षक म्हणून झेल्को ओब्रादोविच उभे होते. म्हणजे १९९८ चे यश दोघांचेही, १९९० चे फक्त झेल्को यांचे, आणि खेळाडू म्हणून १९९५ चे साशा यांचे. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी विश्वविजेतेपद पाहिले ते झेल्को यांनी. साशा यांच्या खात्यावर ते जोडणे ही निव्वळ बेफिकिरी आहे. ऑलिंपिक रौप्याचेही तसेच: झेल्को यांना एक १९८८ मध्ये सोलला खेळाडू म्हणून आणि दुसरे १९९६ मध्ये प्रशिक्षक म्हणून मिळाले, साशा यांना एकच.

याच्याच पोटातला दुसरा घोळ पहिल्या नावाचा. अटलांटाच्या त्या संघात साशा नावाने ओळखले जाणारे तिघे होते: जोर्जेविच, दानिलोविच आणि ओब्रादोविच. १९९२ मध्ये युरोपीय विजेतेपदाच्या इस्तंबूल येथील अंतिम सामन्यात, अगदी शेवटच्या क्षणांत, तीन गुणांची फेक करून स्पेनच्या जुवेन्तुतविरुद्ध पार्टिझानला ७१–७० असा विजय मिळवून दिला तो साशा जोर्जेविच यांनी, आणि तेव्हा प्रशिक्षक होते झेल्को ओब्रादोविच. ‘साशा’ आणि ‘ओब्रादोविच’ हे शब्द एकाच वाक्यात आले की घाईतला लेखक ती फेक साशा ओब्रादोविच यांच्या नावावर मांडतो. ते तर तेव्हा बेलग्रेडच्याच दुसऱ्या क्लबाकडून, त्सर्वेना झ्वेझ्दाकडून, खेळत होते! बेलग्रेडमध्ये पार्टिझान आणि झ्वेझ्दा यांचे हाडवैर ज्याला ठाऊक आहे, त्याला ही चूक चूक न वाटता अपमान वाटेल.

साशा यांना ‘दुसरे ओब्रादोविच’ म्हणणेही मला खटकते. १९९५ मध्ये आल्बा बर्लिनने कोराच चषक जिंकला, म्हणजे एखाद्या जर्मन क्लबाने बास्केटबॉलचे पहिले युरोपीय विजेतेपद मिळवले, त्या संघाचे ते आधारस्तंभ होते आणि प्रशिक्षक होते स्वेतिस्लाव पेशिच. प्रशिक्षक म्हणून त्यांनी २००६ मध्ये कोलोनला जर्मनीचे विजेतेपद आणि नंतर आल्बाला तीन जर्मन चषक मिळवून दिले. युरोलीग मात्र त्यांना एकदाही जिंकता आलेली नाही. २०२३ मध्ये मोनाको या क्लबाला घेऊन ते युरोलीगच्या कौनास येथील अंतिम चारांत पोहोचले आणि तिसरे आले. त्यानंतर काही आठवड्यांतच, फ्रान्सचा उगवता तारा व्हिक्टर वेम्बान्यामा ज्या संघात होता त्या पॅरिसच्या मेट्रोपोलिटन्सला हरवून मोनाकोने फ्रेंच लीग जिंकली. त्याच जून महिन्यात तिकडे बेलग्रेडमध्ये झेल्को यांच्या पार्टिझानने झ्वेझ्दाला नमवून माजी युगोस्लाव्हियाच्या देशांतील क्लबांची अ‍ॅड्रिअॅटिक लीग जिंकली होती, त्यामुळे ‘ओब्रादोविच विजेते’ हा मथळा त्या महिन्यात दोन वेगळ्या बातम्यांवर बिनचूक बसला असता.