अल्फा कप्पा अल्फा आणि मिसिसिपीचा आरोग्य प्रकल्प

अल्फा कप्पा अल्फा, थोडक्यात एकेए, ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कॉलेजकन्यांनी काढलेली पहिली ग्रीक अक्षरी नावाची सोरॉरिटी, म्हणजे कॉलेजातल्या मुलींची संघटना. स्थापना १५ जानेवारी १९०८, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीत. पुढाकार सेंट लुईसहून शिकायला आलेल्या एथेल हेजमन हिचा, तिच्याबरोबर सुरुवातीला आणखी आठ जणी होत्या आणि लगेचच खालच्या वर्गातल्या सात जणी आल्या. या पहिल्या नऊतली एक ल्युसी डिग्ज स्लो, जी पुढे १९१७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या टेनिस संघटनेचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकली आणि १९२२ मध्ये हॉवर्डमध्येच मुलींची डीन झाली. रंग गुलाबी आणि हिरवा, चिन्ह आयव्हीचं पान.

सोरॉरिटी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर अमेरिकन पिक्चरमधल्या हॉस्टेलच्या पार्ट्या येतात, पण कृष्णवर्णीय सोरॉरिटीचा मामला वेगळा आहे. इथे मेंबरशिप जन्मभराची असते. डिग्री मिळाली, नोकरी लागली, पोरंबाळं झाली तरी ती बाई आपल्या गावातल्या पदवीधर शाखेत जात राहते, वर्गणी भरते आणि कामाला हजर असते. त्या काळात शिकलेल्या कृष्णवर्णीय बाईला बहुतेक ठिकाणी दारं बंद होती, गोऱ्या बायकांच्या क्लबात जागा नव्हती आणि नोकरी म्हणाल तर मुख्यतः शिक्षिकेची. त्यामुळे देशभर विखुरलेल्या शिक्षिका, नर्सेस आणि मोजक्या डॉक्टर बायका यांना एकत्र बांधणारं असं दुसरं जाळं फारसं नव्हतंच.

पहिली मोठी कसोटी १९१२ मध्ये आली. हॉवर्डमधल्या त्या वेळच्या मुलींना नाव, रंग, सगळंच बदलायचं होतं आणि बाहेरच्या जगातल्या प्रश्नांत जास्त उतरायचं होतं. आधी शिकून गेलेल्या नेली क्वान्डर यांनी याला ठाम विरोध केला आणि २९ जानेवारी १९१३ ला एकेएची कायदेशीर नोंदणीच करून टाकली. तोवर २२ जणींनी बाहेर पडून १३ जानेवारीला डेल्टा सिग्मा थीटा स्थापन केली होती, आणि मार्चमध्ये त्या वॉशिंग्टनच्या बायकांच्या मताधिकार मोर्चात चालल्यासुद्धा. भांडण कडू होतं, पण त्यातून एकाच्या दोन संघटना झाल्या आणि दोन्ही टिकल्या, हे चांगलंच झालं म्हणायचं. पुढे १९२० मध्ये झीटा फाय बीटा आणि १९२२ मध्ये इंडियानापोलिसला शिक्षिकांनी काढलेली सिग्मा गामा रो अशा आणखी दोन आल्या.

एकेएचं सगळ्यात मोठं काम मात्र मिसिसिपीत झालं, आणि त्याची हकिकत नीट सांगण्यासारखी आहे. १९३० च्या दशकात संघटनेच्या अध्यक्ष होत्या आयडा लुईझ जॅक्सन. जन्म मिसिसिपीतल्याच विक्सबर्गचा, शिक्षण कॅलिफोर्नियातल्या बर्कले युनिव्हर्सिटीचं आणि ओकलंडच्या सरकारी शाळांतली पहिली कृष्णवर्णीय शिक्षिका म्हणून त्यांचं नाव. मंदीचे दिवस होते. जॅक्सनबाईंनी १९३४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीच्या होम्स काउंटीत, लेक्झिंग्टन गावी खेड्यातल्या शिक्षकांसाठी उन्हाळी शाळा भरवली. जागा होती अरेनिया मॅलरी चालवत असलेली सेंट्स इंडस्ट्रियल शाळा. तिथे गेल्यावर दिसलं की पुस्तकांच्याही आधीची अडचण आहे. आजूबाजूची माणसं आजारी होती, मुलं खंगलेली होती आणि डॉक्टर त्यांच्या आवाक्याबाहेर. मग पुढच्या वर्षी शिक्षिकांच्या जोडीला डॉक्टर आणि नर्सेस न्यायच्या असं ठरलं.

ही जबाबदारी घेतली डॉ. डोरोथी बोल्डिंग फेरीबी यांनी. टफ्ट्स युनिव्हर्सिटीतून डॉक्टर झालेल्या, पण गोऱ्यांच्या हॉस्पिटलांनी इंटर्नशिप नाकारल्यामुळे वॉशिंग्टनच्या फ्रीडमन्स या कृष्णवर्णीयांच्या हॉस्पिटलात शिकलेल्या. १९३५ मध्ये टीम तयार झाली आणि रेल्वेची तिकिटं काढायला गेले तर तिकीट खिडकीवर कृष्णवर्णीय बायकांच्या या ग्रुपला नकार मिळाला. मग काय, बायकांनी स्वतःच्या गाड्या काढल्या, औषधं आणि सामान भरलं आणि वॉशिंग्टनहून मिसिसिपीपर्यंत हजार मैलांच्या आसपासचा प्रवास गाडीने केला, तेही अशा दक्षिणेतून जिथे वाटेत कृष्णवर्णीयांना बहुतेक हॉटेलं आणि टॉयलेट बंद होती.

पोचल्यावर दुसरा अडथळा. प्लॅन म्हणजे ठरावीक ठिकाणी दवाखाना उघडायचा आणि लोकांनी यायचं. पण कापसाच्या मळ्यांवर राबणारी ही कुटुंबं अर्धेलीने जमीन कसणारी, मालकाच्या कर्जात बुडालेली, आणि मळेवाले त्यांना मळा सोडून जाऊच देईनात. शेजारच्या आर्कान्सामध्ये १९३४ लाच अशा कुळांची युनियन उभी राहिली होती, त्यामुळे उत्तरेकडून आलेल्या शिकलेल्या बायका मजुरांना भडकवणार असा मालकांना संशय. मग फेरीबींनी सरळ उलटं केलं, लोक येत नाहीत ना, मग दवाखानाच त्यांच्याकडे न्यायचा. ज्या गाड्या नाइलाजाने आणल्या होत्या त्याच आता फिरते दवाखाने झाल्या. सकाळी सामान भरायचं, मातीच्या रस्त्याने मळ्यावर जायचं, झाडाखाली नाहीतर चर्चच्या आवारात टेबल मांडायचं आणि लाईन लावायची. मळ्याचे घोडेस्वार मुकादम बंदुका घेऊन बाजूला उभे असायचे, बायका काय बोलतात यावर त्यांचं लक्ष, म्हणून मजुरी, कर्ज, मालक असले विषय तोंडातून काढायचे नाहीत. फक्त लस, दात, खाणंपिणं, बाळंतपण.

मुलांना घटसर्प आणि देवीच्या लसी टोचल्या गेल्या, हिवताप आणि गुप्तरोगांवर उपचार झाले, दात तपासून किडलेले काढले गेले, आयांना बाळाच्या आंघोळीपासून आहारापर्यंत समजावून सांगितलं गेलं. जेवण बहुतेक घरी मक्याचं पीठ, काकवी आणि खारवलेली डुकराची चरबी, त्यामुळे पेलाग्रासारखे (जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणारे) आजार घराघरात. दारासमोरची जमीनसुद्धा कापसाखाली, भाजीपाला लावायला जागा नाही. म्हणजे नुसतं ‘हिरव्या भाज्या खा’ सांगून काय उपयोग, असा प्रश्न टीमपुढे रोज होता, आणि डॉक्टरकीच्या कामातून त्यांना मळ्याच्या अर्थव्यवस्थेचीच ओळख होत गेली.

पुढे हे काम मिसिसिपीच्याच डेल्टा नावाच्या भागातल्या बोलिव्हर काउंटीत गेलं आणि दुसऱ्या महायुद्धाने मोडता घालेपर्यंत दर उन्हाळ्यात काही आठवडे चालत राहिलं. पगार कुणालाच नाही. बायका आपली सुट्टी घालवून यायच्या आणि देशभरातल्या शाखा पैसे पाठवायच्या, कपडे शिवून द्यायच्या. काही वर्षांत हजारो मुलांना लस मिळाली. अमेरिका युद्धात उतरली, पेट्रोल आणि टायर रेशनवर गेले, आणि गाड्यांवर उभा असलेला हा प्रकल्प थांबला. सरकारी यंत्रणेने जे करायला हवं होतं ते काही शिक्षिकांनी आणि डॉक्टर बायकांनी खिशातून केलं, आणि तरी अमेरिकेबाहेर हे फारसं कुणाला माहीत नाही याचं वाईट वाटतं.

टीका करणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. या संघटना शिकलेल्या मध्यमवर्गाच्या, त्यामुळे गरिबांना ‘चांगल्या सवयी’ शिकवण्याचा सूर कधीकधी लागायचा आणि वर्गाचा, वर्णाच्या उजळपणाचा तोराही काही ठिकाणी होता. नव्या मेंबरांच्या छळाचे प्रकारही कृष्णवर्णीय ग्रीक संघटनांत झालेत, म्हणूनच १९९० मध्ये या संघटनांनी मिळून प्लेजिंगची, म्हणजे नव्यांना उमेदवारीच्या काळातून जायला लावण्याची, जुनी पद्धत अधिकृतपणे बंद केली. पण मळ्यावरच्या मुकादमासमोर टेबल मांडून बसणं हे तोरा मिरवणाऱ्यांचं काम नव्हे, हेही तितकंच खरं.

मिसिसिपीचा अनुभव वॉशिंग्टनच्या कामालाही जोडला गेला. १९३८ मध्ये नॉर्मा बॉइड यांच्या पुढाकाराने एकेएने राजधानीत कायद्यांवर लक्ष ठेवणारं आणि खासदारांपुढे कृष्णवर्णीयांचे प्रश्न मांडणारं ऑफिस सुरू केलं, ज्यात नोकरी, शिक्षण, आरोग्य असे सगळे विषय यायचे. फेरीबी १९३९ ते १९४१ मध्ये एकेएच्या अध्यक्ष होत्या आणि १९४९ मध्ये मेरी मॅकलाऊड बेथ्यून यांच्यानंतर नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन या कृष्णवर्णीय बायकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. १९६५ मध्ये एकेएने क्लीव्हलंडला तरुण मुलींसाठी सरकारी जॉब कॉर्प्स सेंटर (नोकरीचं प्रशिक्षण देणारं केंद्र) चालवायला घेतलं.

आज संघटनेचं मुख्यालय शिकागोत आहे. नासाच्या गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन, लेखिका टोनी मॉरिसन या मेंबर होत्या आणि कमला हॅरिस १९८६ मध्ये हॉवर्डमध्ये शिकताना मेंबर झाल्या. शाळकरी मुलांना शनिवार-रविवारचं खाणं देणं, रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी, मतदार नोंदणी, कृष्णवर्णीय कॉलेजांसाठी निधी, अशी कामं शाखाशाखांत चालू असतात, आणि त्यातली बरीचशी अजूनही पदवीधर शाखांतल्या नोकरदार आणि रिटायर्ड बायका करतात.