मुनीम ते टॅलीवाला : खान्देशातल्या पेढीची पार्श्वभूमी

जळगावच्या दाणा बाजारात फिरताना एखाद्या दुकानाच्या काचेवर चिठ्ठी दिसते : ‘टॅली व जीएसटीचे काम येणारा मुलगा/मुलगी पाहिजे.’ टॅली म्हणजे संगणकावर हिशेब ठेवण्याचे सॉफ्टवेअर. पूर्वी अशी चिठ्ठी कुणी लावत नसे. मुनीम नात्यागोत्यातून यायचा, शेठच्या मूळ गावाकडून यायचा, नाहीतर आधीच्या मुनिमाचा मुलगा म्हणून बापाशेजारी बसत बसत तयार व्हायचा. पेढीची सगळी अंडीपिल्ली ज्याला कळणार, तो माणूस चिठ्ठी लावून कसा घेणार?

पेढीतली माहिती तेव्हा दोन ठिकाणी असे. एक लाल कापडाच्या बांधणीच्या वह्यांत, म्हणजे रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि खतावणीत (ज्याच्या-त्याच्या खात्याची वही). दुसरी मुनिमाच्या डोक्यात. कुणाकडे किती थकले हे वहीत सापडे. पण कोण कापूस निघाला की न मागता आणून देईल आणि कुणाचा ‘उद्या’ महिनाभर लांबेल, हे फक्त मुनिमाला ठाऊक. शिवाय वहीसुद्धा सगळ्यांना वाचता येईलच असे नाही. मारवाडी पेढ्यांतली महाजनी लिपी काना-मात्रा न देता लिहीत. ‘काकाजी अजमेर गया’ हे ‘काकाजी आज मर गया’ असे वाचून घरात रडारड झाल्याचा किस्सा अजूनही सांगतात. किस्सा खरा असो-नसो, त्या अक्षरामुळे मुनिमाला सहजासहजी काढता येत नसे, एवढे मात्र खरे.

बाहेरच्या माहितीने पेढी हलण्याचा प्रकारही आजचा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला. जळगाव कापसाची मोठी पेठ म्हणून पुढे आले ते त्याच तेजीत. त्याच सुमारास रेल्वे आणि तारयंत्रही आले. खान्देशातल्या कापसाचा भाव लिव्हरपूलला ठरू लागला आणि तार ज्याच्या हातात आधी पडेल तो त्या दिवसापुरता शहाणा, अशी स्थिती झाली. पुढे तारेची जागा ट्रंक कॉलने घेतली, ट्रंक कॉलची एसटीडीने. भाव मात्र गादीवर बसलेल्यालाच आधी कळे आणि गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला सगळ्यात शेवटी.

वहीला पहिला धक्का दिला तो कायद्याने, संगणक तेव्हा दुकानात यायचाच होता. व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळीला संपे, पाडव्याला नवी वही पुजली जाई आणि प्राप्तिकर खात्यालाही ते चालत असे. १९८९-९० या आकारणी वर्षापासून सगळ्यांना एप्रिल ते मार्च हेच वर्ष सक्तीचे झाले. पूजा पाडव्यालाच राहिली, हिशेब ३१ मार्चला बंद होऊ लागले. एका पेढीत दोन नववर्षे आली आणि वर्षअखेरीच्या रात्री जागवण्यासाठी हाताखाली काहीतरी यंत्र असावे, असे सीए लोक सुचवू लागले.

आता खान्देशचा योगायोग बघा. ज्या कंपनीचे नाव देशात संगणकाशी जोडले गेले, ती विप्रो मूळची अमळनेरची. मोहम्मद हशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड स्थापन केली. माल होता वनस्पती तूप आणि कपड्यांचा साबण. १९६६ साली वडील वारले तेव्हा अझीम प्रेमजी अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होते. २१ व्या वर्षी ते परत आले आणि गादीवर बसले. १९७७ मध्ये नाव विप्रो झाले. त्याच सुमारास परकीय चलन नियमन कायद्यावरून सरकारशी न जमल्याने आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला, बाजारात पोकळी झाली आणि साबण-तुपाची ही कंपनी संगणकात शिरली. अमळनेरात कितीतरी घरांत विप्रोचे जुने शेअर आहेत. पण संगणकाचा धंदा वाढला तो बंगळूरला, आणि अमळनेरच्या आडतीत पुढची कित्येक वर्षे लाल वहीच चालली. याला कुणी विरोधाभास म्हणेल. मला त्यात नवल वाटत नाही : मुनीम असताना यंत्राची गरज कुणाला होती?

गरज पडली ती मुनीम पुरेनासा झाला तेव्हा. टॅलीचा जन्मही अशाच अडचणीतला. श्यामसुंदर गोयंका हे गिरण्या-कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरवणारे व्यापारी. त्यांना मनासारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून गणित शिकलेल्या मुलाला, भरत यांना, त्यांनी ते करायला सांगितले. १९८६ मध्ये कंपनी उभी राहिली. हे सॉफ्टवेअर पसरले त्याचे एक कारण, मला वाटते, त्याची भाषा. जमा-नावे समजणाऱ्याला ते दोन आठवड्यांत हाताळता येई. संगणक ‘शिकावा’ लागत नसे. आमच्याकडे क्लासेस निघाले, जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये जुळवलेले संगणक मिळू लागले आणि बी.कॉम. झालेल्या मुलामुलींना पहिली नोकरी सापडली. मुलींना विशेषतः. मुनिमाच्या गादीवर बाई बसलेली कुणी पाहिली नव्हती. टॅलीच्या खुर्चीवर ती सहज बसली, आणि यावर फारशी चर्चासुद्धा झाली नाही.

तरीही २०१७ पर्यंत टॅली म्हणजे वेगाने लिहिली जाणारी वहीच होती. पेढीचा साचा तोच राहिला. तो बदलला १ जुलै २०१७ ला आलेल्या जीएसटीने, आणि तोही टप्प्याटप्प्याने. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागू लागले, म्हणजे एमआयडीसीतून चटयांचा ट्रक निघण्याआधी त्याची नोंद सरकारच्या संगणकावर. मग १ जानेवारी २०२२ पासून नियम आला की माल विकणाऱ्याने बिल जीएसटीच्या पोर्टलवर चढवले असेल, तरच घेणाऱ्याला त्या कराचे क्रेडिट, म्हणजे तेवढा कर स्वतःच्या देण्यातून वजा. हे वाचायला कोरडे वाटते, पण पेढीच्या इतिहासात एवढी मोठी घटना मला दुसरी दिसत नाही. माझी वही बरोबर असून भागत नाही, समोरच्याचीही बरोबर लागते. विश्वासाच्या माणसाकडूनच माल घ्यायचा हा जुना नियम तसाच आहे, मात्र विश्वासाचा अर्थ आता ‘बिल वेळेवर चढवतो’ असा झाला आहे. दर महिन्याच्या ११ तारखेच्या आसपास दुकानादुकानांतून एकच फोन चालतो : ‘भाऊ, बिल चढवलं का?’

सराफ बाजारात वेगळेच घडले. जळगावच्या सोन्याचा लौकिक शेठच्या शब्दावर उभा होता. जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, नसलेला नवा दागिना सराफाला विकता येत नाही. खरेदीला आलेल्या बाई काउंटरवर बसून भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तो क्रमांक टाकतात. दागिन्याची शुद्धता आणि हॉलमार्क कुठल्या केंद्रात झाले, हे त्यांच्याच फोनवर उमटते. समोरचा सेल्समन तेवढा वेळ गप्प असतो.

केळीत मात्र अजून चिठ्ठीचे राज्य आहे. ताज्या फळाला जीएसटी नाही, त्यामुळे त्या धंद्याला पोर्टलने जुंपलेले नाही. रावेर-यावलचा शेतकरी सकाळी फोनवर रावेरचा भाव बघतो, बऱ्हाणपूरचाही बघतो, नवती (नव्या लागवडीची केळी) आणि पिलबाग (जुन्या खोडाच्या पिलांची केळी) यांचे दर वेगळे वाचतो, आणि घड कापायला आलेल्या व्यापाऱ्याकडून शेवटी हाताने लिहिलेली चिठ्ठीच घेतो. भाव कळला म्हणून भाव मिळतोच असे नाही.

या सगळ्यात मुनिमाचे काय झाले? आमच्या ओळखीचे एक दिवाणजी, त्यांना सगळे नानाच म्हणतात, एका आडत पेढीत ३४ वर्षे होते. शेठचा मुलगा आता पुण्यात राहतो आणि तिथून फोनवर रोजची विक्री आणि शिल्लक बघतो. दुकानात संध्याकाळी दोन तास एक मुलगी येते. ती आणखी तीन दुकानांची टॅली सांभाळते. गेल्या मार्चमध्ये त्या मुलाने नानांना फोन लावला, तेव्हा मी तिथेच होतो. चोपड्याकडच्या एका शेतकऱ्याच्या नावावर ४,२०० रुपये वर्षानुवर्षे ओपनिंग बॅलन्स म्हणून पुढे येत होते, आणि सीए म्हणत होते, एकदाचे साफ करा.

नानांनी चष्मा काढला. म्हणाले, “ते मागायचे नव्हते. त्याच्या पोरीच्या लग्नात तुमच्या वडिलांनी शब्द दिला होता.”

“मग वहीत लिहिलं का नाही?”

“लिहिलं असतं तर त्याला कळलं असतं.”

पलीकडे थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग त्या मुलाने नानांच्या तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला. रक्कम ३१ मार्चला कसर-वटाव खाती, म्हणजे सोडून दिलेल्या रकमांच्या खात्यात, गेली.