तमाशातील वग : बांधणी आणि पात्रे

ढोलकीफडाच्या तमाशातील कथानाट्याला वग म्हणतात. गण, गवळण आणि बतावणी (विनोदी संवादांचा भाग) झाल्यावर वग उभा राहतो. संगीतबारी या तमाशाच्या दुसऱ्या प्रकारात तो नसतो. तिथे लावणी आणि अदाकारीच मुख्य. उमा-बाबू सावळजकरांचा ‘मोहना-बटाव’ (1865) हा पहिला वग मानला जातो.

गण थोडक्यात आटोपतो. शाहीर गणपतीला रंगणात बोलावतो, झीलकरी ‘जी जी रं जी’ची साथ धरतात. गवळण मात्र स्वतःच एक छोटे नाटक आहे. दूध-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, दान मागतात. गौळणींची म्होरकी मावशी. हे काम पुरुषच करतो. लुगड्याचा पदर सावरत, मुरकत ती कृष्णाचीच उलटतपासणी घेते. देवाला असे आडवे घेण्याची मुभा इथे पूर्वापार आहे आणि त्यात भक्ती कमी होते असे कुणालाच वाटत नाही.

वगात राजा, प्रधान, राणी, पाटील, सावकार, शिपाई अशी ठरीव माणसे असतात. प्रेक्षक त्यांना पाहताक्षणी ओळखतात, त्यामुळे ओळख करून देण्यात वेळ जात नाही. जुन्या फडांत संवाद लिहिलेले नसत. फडाचा सरदार, म्हणजे प्रमुख, कथानक सांगे, बोलणे नट उभ्या उभ्या रचत. पडदा नाही, नेपथ्य नाही. ढोलकीच्या ठेक्यावर पात्रांनी एक फेरी मारली की राजवाडा मागे पडतो आणि अरण्य सुरू होते.

या सगळ्याचा प्राण सोंगाड्या, म्हणजे विनोदी पात्र. तो कथेत नोकर किंवा शिपाई असतो आणि त्याच वेळी गावातलाच एक असतो. राजा राज्याची हालहवाल विचारतो, प्रधान सर्व आबादीआबाद असल्याचे सांगतो, तेवढ्यात सोंगाड्या खेळ चालू असलेल्या गावातलीच आटलेली विहीर मध्ये आणतो. कथा थांबते, लोक हसतात, आणि कथा पुन्हा चालू लागते. नाटकाच्या शिस्तीत हा व्यत्यय ठरला असता. वगाची बांधणी अशा थांब्यांसाठीच सैल ठेवलेली आहे. ‘गाढवाचं लग्न’ या वगातला दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार हे या पात्राचे अस्सल रूप.

स्त्रीभूमिका पूर्वी नाच्या, म्हणजे स्त्रीवेशातला पुरुष, करी. पुढे स्त्रिया फडावर आल्या. पठ्ठे बापूरावांच्या (1866–1945) फडातील पवळा त्यांपैकी विशेष गाजली.

वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने (1965) ही बांधणी शहरी रंगभूमीवर आणली. संहिता लिहिलेली होती, तरी दादा कोंडके त्यात ताज्या घडामोडींवरच्या कोट्या प्रयोगागणिक घालत राहिले.