भविष्य लिहून ठेवणारी पाने : जुन्या अमेरिकी हायस्कुलांतील निरोपाच्या नोंदींची पार्श्वभूमी

अमेरिकेतील लहानसहान गावांच्या ग्रंथालयांत शंभर वर्षांपूर्वीची हायस्कुलांची वार्षिके, म्हणजे ‘इयरबुके’, आजही जपून ठेवलेली आढळतात. शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांची, अर्थात ‘सीनियर’ मंडळींची, पाने त्यांत बहुधा एकाच साच्याची असतात. वर लंबगोल चौकटीतले छायाचित्र, खाली नाव आणि मित्रांनी पाडलेले टोपणनाव, घेतलेला अभ्यासक्रम, गायनवृंद किंवा वादसभा किंवा बास्केटबॉलचा संघ यांतील सहभाग, स्वभावाला साजेशी एखादी काव्यपंक्ती आणि शेवटी पुढे काय करायचे आहे याची एक ओळ. पूर्वजांचा शोध घेणारे लोक ही पाने कौतुकाने चाळतात आणि आजोबांचा किंवा आजीचा ‘खरा स्वभाव’ हाती लागला असे मानतात. तसे मानण्यापूर्वी या ओळी कोण लिहीत असे हे पाहणे बरे. त्या वर्गातल्याच संपादक मंडळाने लिहिलेल्या असत, देखरेखीच्या शिक्षकांच्या नजरेखालून गेलेल्या असत आणि पुष्कळदा गावातल्या दुकानदारांनी दिलेल्या जाहिरातींच्या पैशावर छापलेल्या असत. सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींनी काय इच्छावे, किंवा निदान चारचौघांत काय बोलून दाखवावे, याची त्या गावातली मर्यादा या पानांतून जेवढी कळते, तेवढे एकेकट्या विद्यार्थ्याचे मन कळत नाही.

मुळात हायस्कूल पुरे करणे हीच एके काळी दुर्मीळ गोष्ट होती. अमेरिकेतील पहिले सार्वजनिक हायस्कूल 1821 मध्ये बोस्टनला निघाले, पण करदात्यांच्या पैशातून हायस्कूल चालवावे की नाही यावरचा वाद पुढे कित्येक वर्षे धुमसत राहिला. मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1874 मध्ये कॅलमझू गावाच्या खटल्यात असा कर कायदेशीर ठरवला आणि इतर राज्यांतही त्या निकालाचा आधार घेतला जाऊ लागला. तरीही 1870 च्या सुमारास देशभरातून वर्षाला सुमारे 16,000 विद्यार्थी हायस्कूल पूर्ण करीत. सतरा वर्षांच्या मुलामुलींत हे प्रमाण जेमतेम दोन टक्के होते. 1900 मध्ये हा आकडा 95,000 वर गेला, आणि त्यांत मुलगे सुमारे 38,000 तर मुली सुमारे 57,000 होत्या. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला शेतावर, खाणीत, गिरणीत किंवा वडिलांच्या दुकानात काम मिळत असे आणि घराला त्याच्या मजुरीची गरजही असे. मुलीला तसे काम कमी आणि शिक्षिकेची नोकरी मात्र हायस्कुलाच्या शिक्षणावर मिळण्याजोगी, त्यामुळे वर्गात मुलींची संख्या वाढत गेली.

वर्ग लहान असल्यामुळे निरोपाचा थाट मोठा असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक ठिकाणी पदवी घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला व्यासपीठावर निबंध वाचावा लागे किंवा भाषण करावे लागे, आणि गावाच्या सभागृहात तासन्‌तास चालणारा हा कार्यक्रम ऐकायला सारे गाव लोटत असे. वर्गाचे बोधवाक्य, वर्गाचे रंग आणि वर्गाचे फूल ठरलेले असे. पुढे संख्या वाढल्यावर सर्वांची भाषणे ऐकणे अशक्य झाले, व्यासपीठ एक-दोन गुणवंतांच्या वाट्याला आले आणि उरलेल्यांना छापील पानावर चार ओळींची जागा मिळाली. इयरबुकातील त्या त्रोटक नोंदीचा उगम असा या आटत गेलेल्या भाषणातही शोधावा लागतो.

मिसुरी राज्यातील इंडिपेंडन्स गावच्या हायस्कुलाचा 1901 चा वर्ग या दृष्टीने जरा थांबून पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी तिथल्या विद्यार्थ्यांनी ‘द ग्लीम’ नावाचे वार्षिक काढले. हे नाव टेनिसनच्या एका कवितेवरून घेतले होते. संपादक होता चार्ली रॉस, वर्गात पहिला आलेला मुलगा. त्याच्या सहकाऱ्यांत जाड चष्म्याचा, पियानो वाजवणारा हॅरी ट्रूमन होता आणि वर्गात बेस वॉलेस नावाची, पुढे त्याची पत्नी झालेली मुलगी होती. शाळेच्या पायऱ्यांवर काढलेल्या समूहछायाचित्रात तिघेही आहेत आणि दारावरच्या काचेत ‘तारुण्य ही जगाची आशा’ अशा अर्थाचे लॅटिन वचन आहे. निरोप समारंभानंतर इंग्रजीच्या शिक्षिका मिस टिली ब्राऊन यांनी चार्लीच्या गालाचे कौतुकाने चुंबन घेतले, तेव्हा हॅरीने आम्हाला काही नाही का, असे विचारले; तूही काही नाव काढण्यासारखे केलेस की मिळेल, असे बाईंनी सांगितले, अशी कथा पुढे प्रसिद्ध झाली.

वर्ग संपला तेव्हा हॅरीला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जायचे होते. नजर अधू असल्यामुळे तो मार्ग बंद झाला, आणि त्याच सुमारास वडिलांना धान्याच्या सट्ट्यात जबर फटका बसल्यामुळे महाविद्यालयाचा विचारही सोडावा लागला. तो रेल्वेच्या कामावर हजेरी लिहू लागला, नंतर बँकेत कारकून झाला आणि मग आजोळच्या शेतावर बरीच वर्षे राबला. चार्ली रॉस मात्र मिसुरी विद्यापीठात गेला, पत्रकार झाला आणि 1932 मध्ये पुलित्झर पारितोषिकाचा मानकरी ठरला. एप्रिल 1945 मध्ये ट्रूमन राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी रॉसला आपला माध्यम सचिव नेमले. त्या वेळी दोघांनी मिस ब्राऊन यांना दूरध्वनी केला आणि राष्ट्राध्यक्षांनी राहिलेल्या चुंबनाची आठवण करून दिली. ही गोष्ट गोड आहे म्हणून वारंवार सांगितली जाते; पण वर्ग सुटल्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत दोन हुशार मुलांच्या वाटा कशामुळे फुटल्या, तर एकाच्या घरी पैसा उरला नव्हता म्हणून, हा तिच्यातला भाग सहसा मागे पडतो.

छापील वार्षिकाचे रूप महाविद्यालयांकडून आले. येल महाविद्यालयात 1806 मध्येच पदवी घेणाऱ्या काही विद्यार्थ्यांच्या छायाकृतींचा संग्रह निघाला होता. न्यूयॉर्क राज्यातील वॉटरव्हिल येथे 1845 मध्ये निघालेले ‘एव्हरग्रीन’ हे हायस्कुलाचे पहिले वार्षिक म्हणून सांगितले जाते. विद्यार्थी एकमेकांच्या स्वाक्षरीवह्यांत शुभेच्छा आणि चारोळ्या लिहीत, तोही एक झरा यात येऊन मिळाला. 1860 नंतर जॉर्ज वॉरन यांच्यासारखे छायाचित्रकार महाविद्यालयीन वर्गांसाठी मूळ छायाचित्रे चिकटवलेले आल्बम तयार करून देऊ लागले, मात्र ते महाग पडत. 1880 नंतर ठिपक्यांच्या साहाय्याने छायाचित्र थेट मजकुराबरोबर छापण्याची हाफटोन पद्धत रुळली आणि साध्या हायस्कुलालाही आपल्या वर्गाचे चेहरे छापणे परवडू लागले.

या वार्षिकांतील सर्वांत खेळकर भाग म्हणजे ‘वर्गभविष्य’ आणि ‘वर्गाचे मृत्युपत्र’. मृत्युपत्रात सीनियर आपली मागच्या बाकावरची जागा, उशिरा येण्याची सवय किंवा एखाद्या शिक्षकाची बोलणी खालच्या वर्गाला ‘दान’ करीत. वर्गभविष्य लिहिणारा बहुधा झोपी जाई, स्फटिकगोल पाही किंवा वीस वर्षांनंतरच्या जगात विमानाने फेरफटका मारी, आणि वाटेत त्याला वर्गमित्र भेटत: कोणी सर्कशीचा मालक झालेला, कोणी ऑपेरात गाणारी, कोणी सिनेटर, कोणी दूरदेशी मिशनरी. लाजाळू मुलाला सिंहांचा प्रशिक्षक करायचे आणि बडबड्या मुलीला मौनव्रत द्यायचे, अशी त्यातली गंमत असे. मिशनरी होण्याचे भविष्य मात्र अगदीच हवेतले नव्हते. प्रॉटेस्टंट चर्चचा जोर असलेल्या गावांना हे क्षेत्र परिचित होते, आणि आपल्या अहमदनगरला 1831 पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनसारख्या संस्था तिथल्याच देणग्यांवर आणि माणसांवर चालत.

शिकागोजवळच्या ओक पार्क येथील हायस्कुलात 1917 साली वर्गभविष्य लिहिण्याचे काम अर्नेस्ट हेमिंग्वेकडे होते. त्याच्या छायाचित्राखाली, अर्नीपेक्षा अधिक हुशार कोणी सापडणार नाही, अशा आशयाची ओळ आहे आणि पुढील शिक्षणासाठी त्याने इलिनॉय विद्यापीठाचे नाव दिले होते. अमेरिका त्याच एप्रिलमध्ये महायुद्धात उतरली होती. हेमिंग्वे विद्यापीठात गेलाच नाही. त्याच वर्षी तो कॅन्सस सिटीच्या वृत्तपत्रात बातमीदार झाला आणि जुलै 1918 मध्ये रेडक्रॉसच्या कामावर असताना इटलीच्या आघाडीवर जखमी झाला. वर्गाचा भविष्यवेत्ता स्वतःच्या पुढच्या वर्षाबाबतही असा चुकला.

ज्यांची नावे पुढे कोणाला आठवली नाहीत, त्यांच्या योजना अभ्यासक्रमावरून ओळखता येतात. लॅटिन किंवा शास्त्र शाखा घेतलेला मुलगा महाविद्यालयाकडे जाणारा, आणि वाणिज्य शाखा घेतलेली मुलगी लघुलेखन व टंकलेखन शिकून कचेरीत जाणारी, असा तो हिशेब होता. 1874 मध्ये बाजारात आलेल्या रेमिंग्टनच्या टंकयंत्राने मुलींसाठी जेवढ्या नोकऱ्या उघडल्या, तेवढ्या कोणत्याही भाषणाने उघडल्या नसतील. शाळामास्तरीण होऊ इच्छिणारीसाठी नॉर्मल स्कूल, म्हणजे अध्यापक विद्यालय, असे. पहिले सरकारी नॉर्मल स्कूल 1839 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेक्झिंग्टन येथे निघाले होते. अमेरिकी स्त्रियांचे हे शिक्षण आणि अर्थार्जन पंडिता रमाबाईंनी 1886 ते 1888 या काळात प्रत्यक्ष पाहिले आणि 1889 मध्ये मराठीत सविस्तर मांडले, त्यामुळे महाराष्ट्रातील वाचकाला हा विषय तेव्हाच ठाऊक झाला होता. एक अडचण मात्र इयरबुकात लिहिली जात नसे. अनेक जिल्ह्यांत शिक्षिकेने लग्न केले की नोकरी सोडावी लागे, आणि ही प्रथा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. त्यामुळे ‘शिक्षिका होणार’ आणि ‘लग्न करणार’ या एकाच पानावर शेजारी शेजारी शोभणाऱ्या योजना प्रत्यक्षात एकमेकींना छेद देणाऱ्या होत्या, आणि ‘घरीच राहणार’ अशी ओळ वाचताना घाईने हसू नये.

1910 ते 1940 या तीस वर्षांत चित्र पार पालटले. 1940 मध्ये वर्षाला 12 लाखांहून अधिक विद्यार्थी हायस्कूल पूर्ण करू लागले, म्हणजे त्या वयाच्या जवळजवळ निम्म्या मुलामुलींना ही पदवी मिळू लागली. शेकड्यांनी विद्यार्थी असलेल्या वर्गात प्रत्येकाची नेमकी ओळख देणे संपादकांना जमेना, तेव्हा मतदानाची युक्ती लोकप्रिय झाली: सर्वांत देखणा, सर्वांत विनोदी, उत्तम नर्तिका आणि हमखास यशस्वी होणारा. स्वभावाचे वर्णन अशा रीतीने बिरुदावर आले. 1928 मध्ये इलिनॉयमधील डिक्सन हायस्कुलातून बाहेर पडलेल्या रोनाल्ड रेगनच्या नावाखाली, आयुष्य हे एक गोड गाणे आहे तर वाजवा बँड, अशा आशयाची ओळ होती. पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. 1935 मध्ये चोट या खासगी निवासी शाळेत ‘हमखास यशस्वी होणारा’ म्हणून जॉन केनेडीची निवड झाली, तेव्हा त्याचे गुण मध्यमच होते आणि मते मिळवण्यासाठी मित्रांनी बरीच खटपट केली होती. वर्गाने भविष्य बरोबर ओळखले असे म्हणण्यापेक्षा त्याला निवडणूक लढवता येत होती, एवढेच त्यावरून म्हणता येईल. मंदीच्या काळात अनेक शाळांची वार्षिके रोडावली, काही बंदही पडली.

दुसऱ्या महायुद्धात भरतीचे वय 1942 मध्ये अठरावर आल्यावर मुलांच्या पानांवर लष्कर, नौदल आणि मरीन एवढीच उत्तरे दिसू लागली. या काळातील सर्वांत अस्वस्थ करणारी वार्षिके जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना डांबलेल्या छावण्यांतली आहेत. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील मँझनार छावणीत सुमारे 10,000 लोक होते आणि तिथल्या हायस्कुलाने 1944 मध्ये ‘अवर वर्ल्ड’ नावाचे इयरबुक काढले. त्यात सीनियरांची छायाचित्रे आहेत, क्लब आहेत, नाटके आहेत; बाहेरच्या कोणत्याही शाळेसारखेच सारे काही आहे. महाविद्यालयाची योजना आखणाऱ्या विद्यार्थ्याला आधी छावणीबाहेर जाण्याची परवानगी आणि त्याला घ्यायला तयार असलेली संस्था, दोन्ही मिळवावे लागे. 1942 मध्ये स्थापन झालेल्या एका मदत मंडळामार्फत अशा सुमारे 4,000 तरुणांना शिक्षणासाठी बाहेर पडता आले. जानेवारी 1944 पासून याच तरुणांना सक्तीच्या लष्करभरतीचे आदेशही येऊ लागले.

युद्धानंतर सैनिकांच्या शिक्षणखर्चाच्या कायद्याने महाविद्यालयाची दारे रुंद केली आणि योजनांची भाषा मोकळी होऊ लागली. 1947 मध्ये जॅकलिन बूव्हिएने, म्हणजे पुढच्या जॅकलिन केनेडीने, मिस पोर्टर्स या मुलींच्या शाळेच्या वार्षिकात कधीही गृहिणी न होण्याची आकांक्षा नोंदवली. 1959 मध्ये मिनेसोटातील हिबिंग हायस्कुलात रॉबर्ट झिमरमनने, म्हणजे पुढच्या बॉब डिलनने, लिटल रिचर्ड या गायकाच्या ताफ्यात जाण्याची. अशा ओळी आधीच्या पिढीच्या देखरेखीच्या शिक्षकांनी छापू दिल्या असत्या की नाही, शंकाच आहे.

त्याच सुमारास हायस्कुलातील मुले पुढे काय करणार हा प्रश्न सरकारच्या दृष्टीनेही महत्त्वाचा झाला. 1957 मध्ये रशियाने स्पुटनिक सोडल्यानंतर अमेरिकेने 1958 मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला आणि शाळांतील मार्गदर्शक समुपदेशकांसाठी पैसा उपलब्ध करून दिला. 1960 मध्ये ‘प्रोजेक्ट टॅलेंट’ या पाहणीत 1,353 शाळांतील सुमारे 4 लाख 40 हजार विद्यार्थ्यांची क्षमता, आवडीनिवडी, स्वभाव आणि पुढच्या योजना यांची नोंद चाचण्यांद्वारे घेतली गेली, आणि हायस्कूल सोडल्यानंतर एक, पाच व अकरा वर्षांनी त्यांना पुन्हा प्रश्नावल्या पाठवण्यात आल्या. शेवटच्या वर्षात सांगितलेला व्यवसाय बहुसंख्यांनी पुढे बदलला होता.