दोन औषधे हरल्यानंतर: मुलांच्या अपस्मार शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी

आरोग्यपंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिरजेत जत-आटपाडीकडून फिट म्हणजे अपस्माराचे झटके येणाऱ्या मुलाला घेऊन आलेल्या आईच्या पिशवीत चिठ्ठ्यांची जाडजूड फाईल असते, ईईजीचे, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखाचे, कागद असतात आणि मोबाईलमध्ये झटक्याचा व्हिडिओ असतो. आधी कोणता हात वाकडा झाला, मान कुठल्या बाजूला वळली, हे त्यात दिसते; शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीचे मूळही याच निरीक्षणात आहे.

झटका अंगठ्यापासून सुरू होऊन हातभर कसा पसरतो, यावरून त्याचा मेंदूतील उगम ओळखण्याची रीत एकोणिसाव्या शतकात लंडनचे डॉक्टर ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी रूढ केली आणि तिच्या आधारे शल्यविशारद व्हिक्टर हॉर्स्ली यांनी १८८६ मध्ये एका तरुणाच्या मेंदूतील व्रण काढला. १९२९ मध्ये हान्स बर्गर यांचा ईईजीवरील लेख प्रसिद्ध झाला. पुढे माँट्रियलमध्ये मेंदूशल्यविशारद पेनफिल्ड आणि ईईजीतज्ज्ञ जॅस्पर यांनी ईईजीला शस्त्रक्रियेची जोड दिली.

मुलांच्या बाबतीत वाट खडतर होती. जोहान्सबर्गचे शल्यविशारद क्रायनॉ यांनी १९५० मध्ये, लहानपणीच एक बाजू लुळी पडलेल्या १२ रुग्णांच्या मेंदूचा एक अर्धगोल काढल्याचे अनुभव मांडले. झटके थांबत होते. पण बऱ्याच वर्षांनंतर काहींच्या मेंदूभोवती रक्त झिरपून गुंतागुंत होऊ लागली, तशी ही शस्त्रक्रिया मागे पडली. सत्तरच्या दशकात माँट्रियलचे शल्यविशारद रासमुसेन यांनी मेंदूचा काही भाग जागेवरच ठेवून त्याचे संबंध तोडण्याची पद्धत आणली, तेव्हा ती पुन्हा रुळली. ‘ऑपरेशन अगदी शेवटी’ ही समजूत मात्र टिकून राहिली.

भारतात माँट्रियलहून शिकून आलेल्या डॉ. जेकब चंडी यांनी वेल्लोरला १९४९ मध्ये मेंदूशल्य विभाग उभारला आणि पन्नाशीच्या दशकात अपस्मारावर शस्त्रक्रिया केल्या; १९९५ पासून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत हे काम नव्या जोमाने सुरू झाले. दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एका वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुले झटक्यांपासून मुक्त होती, तर केवळ औषधांवर असलेल्यांपैकी ७ टक्के.

योग्य निवडलेली, योग्य मात्रेत दिलेली दोन औषधे निष्फळ ठरली, तर अपस्मार औषधांना न जुमानणारा मानावा, अशी व्याख्या अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये केली. माझ्या मते या वेळीच तपासणीसाठी चिठ्ठी मिळायला हवी; वाढत्या मेंदूची वर्षे त्यानंतर चौथ्या-पाचव्या औषधाची वाट पाहण्यात जाऊ नयेत. तपासणी म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे. डोक्याला ईईजीच्या तारा चिकटवलेले मूल कॅमेऱ्यासमोर काही दिवस राहते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध कमी केले जाते, आणि झटका येताच उशाशी बसलेली आई त्याची नोंद व्हावी म्हणून बटण दाबते.