पुढचे ब्रेक पॅड घरी साफ करताना: पॅड घासा, पण पिना विसरू नका

ब्रेक किरकिरत होता म्हणून घरीच पॅड काढून घासले, थोडे दिवस झकास चाललं, आणि आता एक चाक तापतंय. ही तक्रार आमच्याकडे सारखी येते, आणि गाडी उघडण्याआधीच आत काय दिसणार याचा आम्हाला अंदाज असतो. पॅड स्वच्छ असतात, डिस्क चकचकीत असते, आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या), म्हणजे तो ज्यांवर सरकतो त्या पिना अडकलेल्या असतात. तेच तेच समजावून सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावं, म्हणून हे माहितीपत्रक.

ज्यांना चाक काढता येतं, पाना-जॅकची सवय आहे, त्यांच्यासाठी हे आहे. छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना बहुतेक वेळा एका पिस्टनचा सरकता कॅलिपर असतो. इथलं सगळं त्याबद्दलच आहे. गाडी स्टँडवर कधीच चढवली नसेल तर शिकायला ब्रेकपासून सुरुवात करू नका.

पिनांचं महत्त्व का, ते आधी. पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. पेडल दाबलं की तो आतला पॅड डिस्कवर रेटतो. त्याच्या उलट जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर आतल्या बाजूला सरकतो आणि बाहेरचा पॅड डिस्कवर आणतो. पेडल सोडल्यावर पिस्टनला मागे घेणारी स्प्रिंग वगैरे काही नसते. पिस्टनभोवतीचं रबरी सील दाबाने थोडं पिळलेलं असतं, ते सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं, इतकंच. एवढ्याशा जोरावर पॅड सुटायचे असतील तर बाकी सगळं अलगद सरकायला हवं. पिन जरा जरी अडली की पॅड डिस्कला टेकून राहतो.

म्हणून पॅड हातात आले की घासायला घेण्याआधी आतला आणि बाहेरचा शेजारी धरून जाडी बघा. दोन्ही जवळपास सारखे झिजले असतील तर ठीक. एक बराच पातळ असेल किंवा एकच पॅड तिरका झिजला असेल, तर पिन, पिस्टन किंवा पॅड बसायची जागा यांपैकी काहीतरी अडलं आहे. अशा वेळी नुसती पॅडची साफसफाई करून काही हाती लागत नाही.

काढताना

सपाट जागा, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ठोकळे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग जॅक, आणि जॅकच्या सोबतीला स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जशीच्या तशी असली की काही विसरलं तर बघायला नमुना राहतो. मोबाइलवर दोन-चार फोटो काढून ठेवा, विशेषतः पॅडवरची आवाज करणारी छोटी पत्री कुठल्या पॅडवर आणि कुठल्या टोकाला आहे त्याचा. पॅड झिजत आला की हीच पत्री डिस्कला घासून सूचना देते.

बहुतेक गाड्यांत खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वरच्या पिनवर उचलता येतो. बोल्ट फिरवताना त्याच्यामागची पिन दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर पिन गरगर फिरते आणि पिनेवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, पिळून फाटतो. उचललेला कॅलिपर तारेने वर बांधून ठेवा. तो सुटा करावा लागला तरी ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नका. पॅडच्या पाठीवर खडूने आतला-बाहेरचा लिहा. कॅलिपर उघडा असेपर्यंत कोणीही ब्रेकचं पेडल दाबता कामा नये. एक-दोनदा जोरात पेडल मारलं तर पिस्टन बाहेर येतो, ऑइल जमिनीवर सांडतं आणि घरचं काम तिथेच संपतं. पोरं गाडीत बसून खेळत असतील तर आधी त्यांना उतरवा.

साफ करताना

ब्रेकची काळी भुकटी तोंडाने फुंकू नका, हवेच्या पाइपानेही उडवू नका. जुन्या किंवा माहिती नसलेल्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि ते नसलं तरी ती भुकटी फुप्फुसात जायची वस्तू नाही. मास्क लावा, ब्रेक क्लीनर मारून भुकटी ओली करा आणि फडक्याने पुसून काढा. रॉकेलचा तेलकट थर मागे राहतो. पेट्रोल रबराला बाधतं आणि पेट घेतं. दोन्ही लांब ठेवा.

पॅडचा चेहरा काचेसारखा चकाकत असेल तर पॉलिश पेपर सपाट जागेवर ठेवून त्यावर हलक्या हाताने चार-सहा वेळा फिरवा. चकाकी गेली की थांबा. नवीन पॅडचं घासायचं मटेरिअल साधारण 10 मिलिमीटर जाड असतं. ते 3 मिलिमीटरच्या आसपास आलं असेल तर त्या पॅडवर मेहनत वाया घालवू नका, दोन्ही पुढच्या चाकांचे पॅड बदला. पॅडमध्ये ऑइल किंवा ग्रीस मुरलं असेल तर कितीही धुतलं तरी ते पूर्ण निघत नाही. तापल्यावर पुन्हा वर येतं.

खरी घाण असते पॅडचे दोन्ही कान ज्या खाचांत बसतात तिथे. त्या खाचांमधल्या स्टीलच्या पातळ क्लिपा काढून बघा. क्लिपेखाली गंज साठतो आणि क्लिपेला वर उचलतो, त्यामुळे खाच अरुंद होऊन पॅड घट्ट बसतो. वरून बघून हे अजिबात कळत नाही. वायर ब्रशने किंवा बारीक कानशीने गंज काढा, क्लिप परत बसवा आणि पॅड बोटाने सरकवून पाहा. हातोडीने ठोकून बसवावा लागणारा पॅड सुटणारही नाही.

पिना आणि ग्रीस

आमच्याकडे परत येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच इथे चुकलेल्या असतात. पिन काढली जाते, पुसली जाते, आणि घरात जे ग्रीस सापडेल ते लावलं जातं: बेअरिंगचं, चासीचं, कधी इंजिन ऑइल, कधी पेट्रोलियम जेली. ग्रीस ते ग्रीसच, असा हिशोब असतो. तो इथे लागू पडत नाही.

ब्रेकमधलं रबर ब्रेक ऑइल सोसेल असं निवडलेलं असतं. डॉट 3 आणि डॉट 4 ही ऑइलं ग्लायकॉलवर आधारलेली असतात, खनिज तेलावर नाही. त्यांत टिकणारं हे रबर खनिज तेल लागलं की फुगतं. बेअरिंगचं आणि चासीचं ग्रीस सहसा खनिज तेलाचंच असतं. गंमत अशी की ते लावल्यावर पहिले काही दिवस पिन लोण्यासारखी सरकते, म्हणून काम उत्तम झालं असं वाटतं. मग रबर हळूहळू फुगतं. बूट पिनेवरच्या खाचेतून निसटतो आणि आत पाणी-धूळ जाते. बऱ्याच कॅलिपरमध्ये एका पिनेच्या टोकाला रबराची छोटी बुशी असते. ती फुगली की पिन भोकात पाचर मारल्यासारखी बसते. मग बाहेरचा पॅड सुटत नाही, चाक तापतं, गाडी एका बाजूला ओढते, पेट्रोल जास्त लागतं, आणि लांबच्या प्रवासानंतर जळका वास येतो.

अशी पिन काढायला पूर्ण साफसफाईपेक्षा जास्त वेळ जातो. एकीकडून फिरवत, दुसरीकडून ओढत ती मिलिमीटर-मिलिमीटरने बाहेर येते, आणि फुगलेलं रबर भोकातून खरवडून काढावं लागतं. कधी पिन निघतच नाही आणि कॅलिपर ज्यावर बसतो ते ब्रॅकेटच बदलावं लागतं. बिलात मजुरी वाढलेली दिसते ती याची. पॅड काढून घालायची नव्हे.

जुना बूट ओळखायला सोपा आहे. चांगला बूट दाबून सोडला की त्याच्या घड्या जागेवर येतात आणि त्याची कड खाचेत घट्ट बसते. फुगलेला बूट मऊ, चिकट आणि मापाने मोठा झालेला असतो, कड खाचेत ठरत नाही. असा बूट पुसून परत वापरू नका.

पिना एका वेळी एकच काढा. दोन्ही सारख्या दिसल्या तरी सारख्या नसतात: एक साधी गोल, दुसरीला बुशी किंवा बाजूने सपाट केलेले पट्टे. वरची खाली गेली तर कॅलिपर नीट सरकत नाही किंवा खडखडतो. पिन आणि तिचं भोक दोन्ही कोरडं स्वच्छ करा, आणि ज्या पाकिटावर ब्रेकच्या रबरासाठी चालेल असं लिहिलंय असंच सिलिकॉनचं किंवा सिंथेटिक ग्रीस लावा. पातळ थर पुरतो. भोक ग्रीसने ठासून भरलं तर आत हवा कोंडते आणि पिन दाबली की परत बाहेर येते. पिन दोन बोटांनी पूर्ण आत जायला हवी आणि सोडल्यावर तिथेच राहायला हवी. थोडी मागे आली तर बुटाची कड जरा उचलून हवा जाऊ द्या.

तांब्याच्या रंगाचं ग्रीस बरेच जण आणतात. ते पॅडच्या पाठीला आणि धातूला धातू घासतो तिथे नखभर लावायला ठीक आहे. पिनेला आणि रबराजवळ नको. पॅडच्या चेहऱ्यावर किंवा डिस्कवर कुठलंच ग्रीस, तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे नको. किरकिर थांबवायला तिथे स्प्रे मारणारे लोक आहेत. किरकिर थांबते, पण ब्रेकही लागत नाही.

पिनांचं योग्य ग्रीस आमच्याकडे छोट्या पुडीत मिळतं, बूट आणि क्लिपांचे सेटही असतात. काम तुम्ही घरी करणार असाल तरी पुडी घेऊन जा. तुमची गाडी महिन्याभराने चाक तापलं म्हणून येण्यापेक्षा ते आम्हाला बरं.

बसवताना

पिस्टन मागे ढकलावा लागला की ब्रेक ऑइल डब्यात वर चढतं, म्हणून आधी बॉनेट उघडून पातळी बघा. पॅड झिजत जातात तशी पातळी थोडी खाली येते, त्यात बिघाड काही नाही. मध्ये कोणी ती काठोकाठ भरली असेल तर नवीन पॅड घालताना ऑइल उतू जातं आणि रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता.

कॅलिपरचा बोल्ट लहान असतो. लांब पान्यावर अंगाचा जोर टाकून तो आवळला की आटे जातात. बऱ्याच छोट्या गाड्यांत त्याला चाकाच्या नटाच्या साधारण एक तृतीयांश ताण पुरतो. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, आणि टॉर्क पाना असेल तर तोच वापरा. चाकाचे नट समोरासमोरचे घेत आवळा.

गाडी हलवण्याआधी पेडल मारा. पिस्टन मागे गेलेला असल्यामुळे पहिल्यांदा पेडल थेट खाली जाईल. ते वर येऊन कडक होईपर्यंत दाबत राहा, मग ऑइलची पातळी परत बघा. ऑइलची लाइन उघडली नसेल तर हवा काढायची गरज नसते. एवढं करूनही पेडल मऊच राहिलं तर गाडी रस्त्यावर काढू नका. पहिली फेरी मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने. थोडं फिरून आल्यावर दोन्ही रिमजवळ हात नेऊन पाहा, डिस्कला लावू नका. एक बाजू स्पष्ट जास्त तापली असेल तर पुन्हा पिनांकडे.

आम्ही काम कसं करतो

काही जण विचारतात की पंधरा मिनिटांत हवा मारून ब्रेक साफ करून देणारे आहेत, मग तुम्हाला एवढा वेळ का लागतो. हवा मारल्याने भुकटी उडते, पिन सुटत नाही आणि क्लिपेखालचा गंजही जात नाही. आम्ही पिना काढूनच साफ करतो, दोन्ही बाजूंना एकसारखं काम करतो आणि गाडी चालवून बघितल्याशिवाय देत नाही. एकाच चाकाचे पॅड बदलून द्या म्हटलं तर नाही म्हणतो, कारण मग गाडी ब्रेक लावताना ओढते. पॅड तुम्ही आणलेत तरी बसवून देतो. मात्र क्लिपा खराब असतील तर त्या नवीन घ्याव्या लागतील.

प्रत्येक आवाजाला आमच्याकडे यायची गरज नाही. पावसात किंवा धुतल्यावर उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज येतो आणि पहिल्या काही ब्रेकला खरखर होते, ती आपोआप जाते. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, हळूहळू खाली बसणारं पेडल किंवा एकच तापणारं चाक असेल तर मात्र थांबू नका. ब्रेक लावताना पेडल थरथरत असेल तर बहुधा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. पॅड घासून ते जाणार नाही, डिस्क मोजावी लागेल.

घरी उघडलेलं काम अर्ध्यावर अडलं तर गाडी चालवत आणू नका, फोन करा. सुटे भाग एकाच पिशवीत कोंबू नका, डावी-उजवी बाजू वेगळी ठेवा. आणि पिनांना काय लावलंय ते गाडी देतानाच सांगा, डबा असेल तर सोबत आणा. त्यावरून बूट मागवून ठेवायचे की नाही ते आम्हाला आधीच ठरवता येतं आणि गाडी त्याच दिवशी परत देता येण्याची शक्यता वाढते.