दोन तास, चौदा दिवस: गेमच्या रिफंडचा नियम आला कुठून

स्टीमवर, म्हणजे पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, सेल लागला की दरवेळी तोच प्रश्न फिरतो, "भाई दोन तास सात मिनिटं झालीत, रिफंड मिळेल का?" आणि खाली ठरलेलं उत्तर, आधी मागायचा होतास. जणू हे दोन तास कायद्याच्या पुस्तकात छापलेत. तर ते कुठल्याच देशाच्या कायद्यात नाहीत. खरेदीपासून १४ दिवस आणि खेळलेला वेळ दोन तासांच्या आत, हा स्टीम या एका दुकानाने २ जून २०१५ ला जाहीर केलेला त्याचा स्वतःचा नियम आहे, आणि तो जाहीर झाला तेव्हा त्याच दुकानावर ऑस्ट्रेलियात रिफंडवरूनच केस चालू होती. हा दुसरा भाग फारसा कुणाला आठवत नाही, म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

जुना काळ पटकन उरकतो. डब्यातल्या सीडीच्या जमान्यात सील फुटलं की विषय संपला, कारण दुकानदाराला वाटायचं हा घरी जाऊन कॉपी मारणार आणि डबा परत आणून देणार. भीती अगदीच खोटी नव्हती. गंमत म्हणजे आमच्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फुटपाथवर पायरेटेड सीडी विकणारा पोरगा "नाही चालली तर बदलून घेऊन जा" म्हणायचा आणि खरंच बदलून द्यायचा, तेव्हा ओरिजिनलवाल्यांच्या बिलावर मात्र "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही". असो.

२००३ मध्ये स्टीम आलं, २००४ च्या नोव्हेंबरात हाफ-लाइफ २ आला आणि डबा विकत घेतला तरी ऑनलाइन अकाउंटशिवाय गेम चालेना. डिस्क नुसती किल्ली उरली. आता बघा, सील आणि कॉपीचं कारण इथे मुळातच लागू होत नाही, कारण दुकान तुमच्या लायब्ररीतून गेम एका क्लिकवर काढून घेऊ शकतं. सीडीवाल्याला तुमच्या घरात शिरून कॉपी पुसता येत नव्हती, यांना येते. तरी "रिफंड नाही" हे वाक्य जसंच्या तसं करारात आलं आणि पुढची दहा-अकरा वर्षं टिकलं. कस्टमर सपोर्टला फारच पाठपुरावा केला तर "एकदाच, अपवाद म्हणून" काहींना पैसे मिळायचे, पण ती मेहेरबानी असायची.

मोबाइलवर उलटं झालं. २००८ ला अँड्रॉइडचं मार्केट सुरू झालं, २००९ ला तिथे पेड अ‍ॅप आली तेव्हा ती परत करायला चक्क २४ तास होते, एवढ्यात छोटा गेम संपवूनही होतो. डिसेंबर २०१० मध्ये ते १५ मिनिटांवर आणलं, आणि १५ मिनिटांत तर कधीकधी डाउनलोडही व्हायचा नाही. २०१४ ला पुन्हा वाढवून दोन तास केले. म्हणजे दोन तासांचा आकडा स्टीमच्या आधी तिथे होता, फक्त तिथे घड्याळ खरेदीपासून चालायचं, गेम उघडल्यापासून नाही. हा फरक मोठा आहे.

पीसीवर पहिली भेग पडली ती लाँच फसायला लागल्यावर. डिसेंबर २०१२ मध्ये द वॉर झेड नावाचा झोंबी गेम पेजवर लिहिलेल्या कितीतरी गोष्टी आत नसतानाच विकला गेला, बोंब झाली, स्टीमने तो विक्रीतून काढला आणि मागेल त्याला पैसे दिले. मार्च २०१३ ला सिमसिटी आला, एकट्याने खेळायचा पण सतत ऑनलाइन लागणारा, आणि सर्व्हर बसल्यामुळे लोक लॉगिनच्या रांगेत. तिथे सारवासारव म्हणून दुसरा एक गेम फुकट दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिमसिटीवाल्या ईए कंपनीच्या ओरिजिन स्टोअरने स्वतःच्या गेम्सवर गॅरंटी आणली, पहिल्यांदा गेम सुरू केल्यापासून २४ तास किंवा खरेदीपासून ७ दिवस, जे आधी होईल ते. वर्षाच्या शेवटी जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन गेम-दुकानाने तांत्रिक कारणाने गेम चालला नाही तर ३० दिवसांची हमी दिली. म्हणजे स्टीम या बाबतीत पहिलं नव्हतं, तरी आज लोक त्याचंच नाव घेतात.

युरोपचा किस्सा थोडक्यात, कारण त्यावर गैरसमज फार. जून २०१४ पासून तिथे ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येते. पण डिजिटल मालाला एक फट ठेवली, ग्राहकाने "लगेच द्या, माझा हक्क जातोय हे मला माहितीय" असं मान्य करून डाउनलोड सुरू केलं की हक्क संपला. मग काय, पेमेंटच्या आधी एक चौकोन टिक करायला आला. स्टीमने मार्च २०१५ मध्ये युरोपासाठी करार बदलला तेव्हा लोक नाचले, "आला रिफंड!" आणि मग खालची बारीक ओळ वाचून गप्प बसले. स्टीमच्या नियमातले १४ दिवस मला वाटतं इथूनच उचललेत, आकडा तोच आहे.

आता ऑस्ट्रेलिया. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथल्या ग्राहक संरक्षणाच्या सरकारी यंत्रणेने स्टीमवाल्या कंपनीला फेडरल कोर्टात खेचलं. आरोप साधा, तुम्ही ऑस्ट्रेलियन ग्राहकांना सांगताय की कुठल्याही परिस्थितीत रिफंड मिळणार नाही, आणि इथल्या कायद्यात सदोष मालावर तो मिळतोच, म्हणजे तुम्ही दिशाभूल करताय. कंपनीने त्यावर तीन पायऱ्यांचा बचाव उभा केला आणि तो वाचण्यासारखा आहे, कारण आजही बऱ्याच डिजिटल दुकानांच्या करारात यातलं काही ना काही दिसतं.

पहिली, आम्ही ऑस्ट्रेलियात धंदाच करत नाही, आमचं ऑफिस अमेरिकेत. दुसरी, करारात वॉशिंग्टन राज्याचा कायदा लागू असं लिहिलंय, तुमचा नाही. तिसरी सगळ्यात भारी, आम्ही "माल" विकतच नाही, आम्ही सबस्क्रिप्शन देतो, तुमच्या अकाउंटला गेम वापरायचा परवाना देतो, आणि मालच नाही तर मालाच्या दर्जाची हमी कसली? स्टीमच्या कराराचं नावच सबस्क्रायबर अ‍ॅग्रीमेंट आहे हे आपण इतक्या वेळा "आय अ‍ॅग्री" दाबूनही कधी पाहिलेलं नसतं. पेजवर कार्ट, किंमत, सेलचा हिरवा टॅग, सगळं बाजारासारखं, आणि करारात मात्र तुम्ही ग्राहक नाही, वर्गणीदार. म्हणजे मंडईत भेंडी पिशवीत टाकून पैसे दिल्यावर भाजीवाली म्हणाली की भेंडी विकली नाही हो दादा, खायचा परवाना दिलाय, तसला प्रकार.

मार्च २०१६ ला निकाल आला. सुमारे २२ लाख ऑस्ट्रेलियन अकाउंट्स, तिथेच ठेवलेले सर्व्हर, तिथल्या लोकांकडून रोज येणारा पैसा, हे सगळं असताना धंदा करत नाही कसं म्हणता? करारात परदेशी कायदा लिहिला म्हणून इथल्या ग्राहकाची कायदेशीर हमी पुसली जात नाही. आणि "माल" च्या व्याख्येत ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात कॉम्प्युटर सॉफ्टवेअर असे सरळ शब्द आहेत, तेव्हा सोबत परवाना असला तरी जे पोचवलं जातंय ते सॉफ्टवेअर आहे, म्हणजे माल आहे. डिसेंबर २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला, वर वेबसाइटवर ग्राहकांना त्यांचे हक्क सांगणारी नोटीस लावायचा आदेश. कंपनी अपिलात गेली, २०१७ च्या डिसेंबरात हरली, आणखी वर जायची परवानगी एप्रिल २०१८ मध्ये नाकारली गेली. अशा कंपनीला ३० लाख डॉलर म्हणजे किरकोळच, पण "तुम्ही विकताय" हे कोर्टाकडून लिहून मिळालं ही खरी कमाई.

आता तारखा शेजारी ठेवा. केस ऑगस्ट २०१४, दोन तासांचा नियम जून २०१५, निकाल मार्च २०१६. नियम स्वखुशीने आला, ग्राहकप्रेमातून आला असं ज्यांना मानायचंय त्यांनी मानावं, मला ते पटत नाही.

आणि इथेच सगळा घोळ आहे, कारण "रिफंड" या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक, गेम ठीक आहे पण मला आवडला नाही. दोन, गेम मोडका आहे. ऑस्ट्रेलियाचा कायदा पहिल्यावर काहीच देत नाही, मन बदललं तर तुमचं तुम्ही बघा, पण दुसऱ्यावर भक्कम आहे आणि त्याला दोन तासांची मर्यादा नाही. स्टीमचा नियम बरोब्बर उलटा, पहिल्यावर उदार, कारणही फारसं विचारत नाहीत, पण दोन तास उलटले की गेम मोडका का असेना, तुम्ही विनंती करायची आणि ते "बघणार". घड्याळाला मोडकं आणि न आवडलेलं यातला फरक कळत नाही. मी स्वतः एका दुकानावर (नाव नको) एक गेम घेतला होता, लॅपटॉप बिचारा शेडर (चित्रं दाखवायला लागणारे छोटे प्रोग्राम) बनवण्यातच पाऊण तास घालवत होता, मग काळी स्क्रीन, बंद करा, पुन्हा सुरू करा, सेटिंग कमी करा, ड्रायव्हर बदला. प्रत्यक्ष खेळलो असेन पंधरा मिनिटं. खेळलेला वेळ दाखवत होता २ तास ११ मिनिटं. रिफंडचं उत्तर तुम्ही ओळखलंच असेल.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२१ च्या ऑगस्टमध्ये एका एकट्या डेव्हलपरने जाहीर केलं की आपण गेम बनवणं बेमुदत थांबवतोय, कारण त्याचा भुताचा गेम दोन तासांच्या आत संपतो आणि लोक तो पूर्ण खेळून, चांगला रिव्ह्यू लिहून, वर रिफंड घेतात. चांगला रिव्ह्यू लिहून! त्याची चूक एवढीच की गोष्ट छोटी होती. मोठ्या स्टुडिओला याची झळ तेवढी लागत नाही, त्यांच्या गेममध्ये दोन तास तर ट्यूटोरियलच चालतं.

पुढचं पटापट. नियम येऊन तीन आठवडे होतात न होतात तोच जून २०१५ ला बॅटमॅन आर्कम नाइट या गेमचा पीसी पोर्ट (पीसीसाठी बनवलेली आवृत्ती) इतका वाईट आला की विक्री थांबवावी लागली, ऑक्टोबरात परत आणला तरी बोंब, शेवटी वर्षअखेरपर्यंत कितीही तास खेळलेला असला तरी पैसे परत. २०१९ मध्ये प्लेस्टेशनने १४ दिवसांचा नियम आणला पण डाउनलोड सुरू केलं की संपला, म्हणजे वापरून बघायचाच नाही. तिथेही ऑस्ट्रेलियात जून २०२० ला ३५ लाख डॉलरचा दंड बसला, कारण डाउनलोड झाला की परत नाही असं ग्राहकांना सांगितलं जात होतं. डिसेंबर २०२० मध्ये सायबरपंक २०७७ हा गेम आला आणि आठवड्याभरात प्लेस्टेशनच्या स्टोअरवरून गायब, मागेल त्याला रिफंड, परत आला तो जून २०२१ मध्ये. २०२४ ला कॉन्कॉर्ड हा ऑनलाइन गेम दोन आठवड्यांत बंद करून सगळ्यांचे पैसे दिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्टीमने एक पळवाट बुजवली, जास्त पैसे भरून रिलीजच्या आधी खेळायला मिळतं ते तासही आता दोन तासांत धरतात, आधी लोक त्या दिवसांत भरपूर खेळून रिफंड मागायचे.

माल की परवाना हा वाद मात्र मिटलेला नाही. युरोपच्या वरच्या कोर्टाने २०१२ मध्ये म्हटलं होतं की डाउनलोड केलेलं सॉफ्टवेअर कायमच्या परवान्याने दिलं तर ती विक्रीच. त्याच धाग्यावर २०१९ ला पॅरिसच्या कोर्टाने स्टीमवरचा गेम दुसऱ्याला विकता यायला हवा असं सांगितलं, २०२२ मध्ये अपिलात ते फिरलं, गेम म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर नाही असं म्हणत. कॅलिफोर्नियाने वेगळाच मार्ग काढला, १ जानेवारी २०२५ पासून "बाय" बटण ठेवायचं तर हा परवाना आहे हे स्पष्ट सांगा. स्टीमने ऑक्टोबर २०२४ मध्येच कार्टमध्ये तशी ओळ टाकली. म्हणजे ऑस्ट्रेलियात जे कोर्टात हरले तेच वाक्य आता पेमेंटच्या बटणाशेजारी छापून येतं, कायद्याच्याच सांगण्यावरून.

आपल्याकडे २०२० चे ई-कॉमर्सचे नियम आहेत, त्यात ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वस्तू आणि सेवांमध्ये "डिजिटल उत्पादनांसह" असं लिहिलंय, आणि कंपनी भारतात नोंदलेली नसली पण इथल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे विकत असली तरी ते लागू होतात. स्टीमवर रुपयात किंमती दिसतात त्या नोव्हेंबर २०१५ पासून.